पिशवी न काढता

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत, हिरव्या पडद्याआडच्या टेबलावर पडून मी मनातल्या मनात साठ आकडे मोजले. गर्भाशयमुखाला पाच टक्के ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे स्वयंपाकातल्या व्हिनेगरसारख्याच द्रावणाचा, बोळा लावला की एक मिनिट थांबायचे असते. तेवढ्यात जिथल्या पेशी बदललेल्या असतील तो भाग पांढरा दिसू लागतो. समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी हे मला आधीच समजावून सांगितले होते. मिनिट झाले, त्या वाकून बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग आशाताईंना म्हणाल्या, "बॅटरी जरा डावीकडून धरा." एवढ्यावरून मला कळले की काहीतरी दिसले आहे.

मी देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, आणि त्या वेळी माझे वय ४४ होते. मला कसलाही त्रास नव्हता. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे मी ऐकून होते. परंतु ती दिसू लागेपर्यंत रोगाने बहुधा बरीच मजल मारलेली असते, आणि तपासणी करायची ती काहीही होत नसताना, हे मला तोवर नीट उमगले नव्हते. सरकारी कार्यक्रमानुसार तीस ते पासष्ट वर्षांच्या प्रत्येक स्त्रीची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. आमच्या गावात आशाताई घरोघर फिरून सांगत होत्या, तरी त्या दिवशी बाकावर आम्ही मोजून सात जणी होतो. माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी सोबत चला म्हटले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "माका काय्येक त्रास नाय, मी कित्याक दाखवू?" या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. मी स्वतः गेले होते ते आशाताईंची यादी रिकामी राहू नये म्हणून.

मॅडमनी चिठ्ठीवर "व्हीआयए पॉझिटिव्ह" असे, म्हणजे ॲसेटिक ॲसिड लावून पाहिल्यावर पांढरा भाग दिसला असे, लिहिले आणि मला समोर बसवून शांतपणे सांगितले की याचा अर्थ कर्करोग असा नाही. साधी सूज असली, जंतुसंसर्ग असला किंवा तिथल्या पेशींत वयानुसार होणारा नैसर्गिक बदल चालू असला, तरीही तो भाग पांढरा दिसू शकतो. म्हणूनच पुढची तपासणी करून खात्री करून घ्यावी लागते. मी ती चिठ्ठी घरी आणली आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली. फेब्रुवारी संपत आला होता. पुढे आंबा उतरू लागला, रोज पहाटेपासून अढी लावणे आणि पेट्या भरणे सुरू झाले, शाळेच्या परीक्षा आल्या, आणि चिठ्ठी मेअखेरपर्यंत तिथेच राहिली. कामाचे कारण खरे होते. पण काम नसते तरी मी ती लवकर बाहेर काढली असती असे मला वाटत नाही. घरात त्या जागेचे नावच कोणी घेत नाही. गर्भाशयमुख हा शब्द वर्गात फळ्यावर आकृती काढताना मी बोलते. घरात त्याला पिशवीचे तोंड म्हणतात, आणि तेही बायकाच एकमेकींत, आवाज खाली आणून.

पाऊस लागल्यावर मी पहिल्यांदा आमच्याच भागातल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चिठ्ठी पाहिली, टेबलावर न घेताच वय आणि मुले किती ते विचारले, आणि म्हणाले, "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, पुढची चिंता नको." मला त्या क्षणी सुटल्यासारखे वाटले, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. आमच्याकडे पिशवी काढणे हा इतका ओळखीचा उपाय आहे, की पाळी जास्त जाते म्हणून, अंगावरून पांढरे जाते म्हणून, कमर दुखते म्हणून, चाळिशीच्या आतबाहेर पिशवी काढलेल्या निदान पाच-सहा बायका मी आमच्याच वाडीत दाखवू शकेन. मीही तारीख ठरवूनच परतले असते, परंतु शस्त्रक्रियेसाठी रजा मागायला गेले तेव्हा आमच्या मुख्याध्यापकबाईंनी मला एकच विचारले: "रिपोर्टमध्ये नेमकं काय आलंय?" रिपोर्ट कसलाच नव्हता. त्यांनीच कणकवलीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमचे नाव सुचवले.

कणकवलीच्या मॅडमनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि त्या म्हणाल्या, "बाई, आधी आत काय आहे ते कळू दे, मग काय काढायचं ते ठरवू." पिशवी आताच का काढायची नाही, याचे त्यांनी दिलेले कारण मला आजवर कोणी सांगितले नव्हते. तिथे काहीच नसेल, तर एका निरोगी अवयवासाठी मोठी शस्त्रक्रिया होईल. फक्त कर्करोगाची पूर्वावस्था असेल, तर ती लहानशा उपचाराने जाते. आणि आत खरोखरच कर्करोग लपलेला असेल, तर त्याची शस्त्रक्रिया वेगळी आणि अधिक व्यापक असते, किंवा त्याला किरणोपचार लागतात. आधी न तपासता साधी पिशवी काढली, तर तो रोग अर्धवट कापला जातो आणि पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. शिवाय हे बदल ज्यामुळे होतात तो एचपीव्ही हा विषाणू केवळ पिशवीत राहत नाही, त्यामुळे पिशवी गेल्यानंतरही योनीमार्गाच्या वरच्या टोकाशी तसेच बदल होऊ शकतात आणि तपासण्या सुटत नाहीत. हे ऐकताना मला वाडीतल्या त्या बायका आठवत होत्या. त्यांच्यापैकी एकीच्याही पिशवीचा तुकडा शस्त्रक्रियेआधी तपासला गेला होता असे मी ऐकलेले नाही.

त्यांनी एकाच वेळी दोन तपासण्या घ्यायचे ठरवले, पॅप, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, आणि एचपीव्ही, म्हणजे त्या विषाणूचा शोध. पाळी चालू नसावी, आणि आधीचे दोन दिवस संबंध, आत ठेवायची औषधे किंवा आतून धुणे यांपैकी काही नको, असे सांगून त्यांनी मला पुढच्या आठवड्यात बोलावले. या तपासणीची बायकांना वाटणारी भीती बहुतेक अज्ञानातून येते, म्हणून ती मी जशी झाली तशी लिहिते. टेबलावर दोन्ही पाय आधारांवर ठेवायचे आणि गुडघे बाजूला सैल सोडायचे. स्पेक्युलम हे बदकाच्या चोचीसारखे दोन पात्यांचे साधन. सिस्टरनी ते कोमट पाण्याखाली धरून आणले होते. ते आत जाताना दाब जाणवतो, आणि आपण अंग आखडले तर तो वाढतो. मॅडमनी मला तोंडाने हळूहळू श्वास सोडायला सांगितले आणि तेवढ्याने खरोखरच फरक पडला. त्यानंतर लहानशा ब्रशने गर्भाशयमुखावरून पाच फेरे दिले, त्या वेळी ओटीपोटात पाळीच्या पहिल्या दिवशीसारखी एक बारीक कळ आली, आणि ब्रशचे टोक द्रावणाच्या बाटलीत टाकून झाकण लावले. पुरती तीन मिनिटेही लागली नसतील. कपडे सावरून बसले तेव्हा ती बाटली टेबलावरच होती. तळाशी गढूळसर काहीतरी हळूहळू खाली बसत होते आणि झाकणावर माझे नाव लिहिलेले होते.

दहा दिवसांनी दोन्ही अहवाल आले. एचपीव्ही १६ आढळला होता आणि पॅपमध्ये एचएसआयएल, म्हणजे पेशींमध्ये वरच्या दर्जाचे बदल दिसत होते.

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. हातापायांवरच्या साध्या चामखिळी याच कुळातल्या विषाणूंमुळे होतात. ६ आणि ११ या प्रकारांमुळे जननेंद्रियांवर कोंबासारख्या चामखिळी येतात, त्या त्रासदायक असतात, पण त्यांतून सहसा कर्करोग होत नाही. कर्करोगाशी संबंध असलेले धोकादायक प्रकार साधारण चौदा धरतात, आणि त्यांपैकी १६ व १८ हे दोनच गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत आहेत. हा संबंध हाराल्ड त्सुर हाउजेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना २००८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाखेरीज घसा, गुदद्वार, योनी आणि पुरुषांचे शिश्न यांचे काही कर्करोगही याच विषाणूमुळे होतात. त्यामुळे याला केवळ बायकांचा आजार म्हणणे बरोबर नाही.

हे सगळे मला समजत होते, पण मनात एकच गोष्ट घोळत होती: हा विषाणू लैंगिक संबंधातून येतो. घरी ह्यांना काय सांगायचे? मी दोन दिवस काहीच बोलले नाही. मग एकटीने वाहून नेता येईना, तेव्हा ह्यांना बरोबर घेऊनच कणकवलीला गेले आणि मॅडमना म्हटले, मला सांगितलेत तेच ह्यांनाही सांगा. मॅडमनी स्पष्ट सांगितले की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात केव्हातरी लागतो, दोघांनाही त्याचा पत्ता लागत नाही, आणि दहांपैकी नऊ जणांच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत आपोआप निघून जातो. उरलेल्यांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. म्हणून आज तो सापडला याचा अर्थ तो आज आला असा होत नाही. वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो, आणि तो कोणाकडून कोणाला आला हे कोणत्याही तपासणीत कळत नाही. निरोधाने धोका कमी होतो, परंतु हा विषाणू त्वचेच्या स्पर्शातूनही पसरत असल्यामुळे पूर्ण टळत नाही. हे बराच वेळ खाली पाहून ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "मग मी पण तपासून घेऊ काय?" पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नसते, असे मॅडमनी सांगितले. परतताना नांदगाव तिठ्यावर गाडी थांबवून आम्ही चहा घेतला तेव्हा हे म्हणाले, "तू दोन दिवस गप्प होतीस ती यासाठी?" त्यानंतर प्रत्येक तारखेला ते माझ्याबरोबर आले.

कोल्पोस्कोपी जुलैत झाली. कोल्पोस्कोप हे बाहेर उभे राहणारे, भिंगाचे साधन आहे. ते शरीरात घालत नाहीत, आत जाते ते फक्त स्पेक्युलम. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवून विचारले, "बघायचंय का?" मी हो म्हटले. ४४ वर्षांत स्वतःच्या शरीराचा तो भाग मी पहिल्यांदा पाहत होते. गुळगुळीत, ओलसर, गुलाबी गोल आणि मधोमध आडवी बारीक फट. त्या फटीभोवती, जिथे आतल्या आणि बाहेरच्या पेशींची हद्द मिळते, तिथेच हे बदल सुरू होतात, म्हणून सारी तपासणी त्या कड्याभोवती चालते. आधी हिरव्या प्रकाशात रक्तवाहिन्या पाहिल्या. मग पुन्हा ॲसेटिक ॲसिड लावले, आणि त्या गुलाबी कडेवर वरच्या बाजूला एक पांढरा पट्टा माझ्या डोळ्यांदेखत उमटत गेला. भिंग वाढवल्यावर त्या पांढऱ्यात बारीक लालसर रेघांची जाळी दिसली, जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीत दरजा दिसतात तशी. शेवटी आयोडीन लावले. चांगल्या पेशींमध्ये साठवलेली साखर असते, ती आयोडीन धरून ठेवते आणि तो भाग आमसुलासारखा गडद तपकिरी होतो, तर बदललेल्या पेशी आयोडीन घेत नाहीत. त्या तपकिरी गोलावर तोच पट्टा मोहरीसारखा पिवळा उठून दिसला. मला तोपर्यंत हा रोग म्हणजे आत सगळीकडे पसरलेले काहीतरी वाटत होते. प्रत्यक्षात तो नखाएवढा, कडा स्पष्ट असलेला एक तुकडा होता.

त्या पट्ट्यातून दोन ठिकाणचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे चिमट्याने काढले. प्रत्येक वेळी एक झटक्याची कळ आली, दोनदा खोकायला सांगितले होते त्यात ती निम्मी विरली. रक्त थांबवण्यासाठी लावलेल्या औषधामुळे तीन-चार दिवस कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट जात राहिले. हे आधी सांगितले नसते तर मी घाबरले असते.

ऑगस्टमध्ये तुकड्याचा अहवाल आला: सीआयएन २, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वावस्थेची दुसरी पायरी. पेशींच्या थराच्या जाडीत बदल कुठवर पोहोचले आहेत त्यावरून एक, दोन, तीन अशा पायऱ्या करतात. पहिली पायरी बहुतेक वेळा आपोआप मागे फिरते. दुसरी काही जणींत, विशेषतः तरुण मुलींत, मागे फिरू शकते. परंतु माझे वय आणि सोबतचा १६ प्रकार पाहता वाट पाहणे योग्य नव्हते. हा अजून कर्करोग नाही आणि तो होण्याआधीच आपण इथे पोहोचलो आहोत, असे मॅडम म्हणाल्या. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षे जातात. एवढी वर्षे हातात असूनही २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि जवळपास ऐंशी हजार जणी गेल्या. टाळता येणारा हा मृत्यू मला त्या आकड्यापेक्षा त्या वर्षांमुळे अधिक अस्वस्थ करतो.

गौरी-गणपती तोंडावर होते. उपचारानंतर महिनाभर जड उचलता येणार नव्हते आणि आमच्या घरी त्या दिवसांत माणसांची रीघ असते, म्हणून विसर्जनानंतरची तारीख घेतली. दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही, असे मॅडमनी सांगितलेले होते. लीप, म्हणजे तारेच्या कडीने बदललेला भाग तेवढाच काढून टाकण्याच्या उपचारासाठी त्यांनी मला कोल्हापूरला पाठवले. फोंडा घाट आम्ही धुक्यातच चढलो आणि दहाच्या सुमारास पोहोचलो. मला भूल देऊन झोपवतील असे वाटले होते, पण गर्भाशयमुखातच दोन-चार ठिकाणी इंजेक्शने दिली. त्या औषधाने मिनिटभर छाती धडधडली आणि पाय थरथरले. "हे औषधामुळे आहे, आता थांबेल," असे सिस्टर माझा हात धरून सांगत राहिल्या. मांडीला एक पट्टी चिकटवली, विजेवर तापणारी बारीक तारेची कडी आत गेली, धूर ओढणाऱ्या नळीचा घरघर आवाज आला, जळकट वास आला, आणि तुकडा निघाला. दुखले नाही. डॉक्टरांनी तो बाटलीत टाकण्याआधी मला दाखवला. सुपारीच्या फोडीसारखा, जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचा. मी पिशवी काढायला निघाले होते ती याच्यासाठी. दुपारी आम्ही राजर्षी शाहूंच्या पुतळ्याशेजारच्या खाणावळीत जेवलो आणि रात्री घरी होतो. तीन आठवडे पाण्यासारखा, कधी लालसर स्राव गेला, महिनाभर संबंध आणि पाण्याची कळशी दोन्ही बंद होते, बाकी मी चौथ्या दिवशी शाळेत होते. तुकड्याच्या अहवालात सीआयएन २ च आले आणि कडा मोकळ्या, म्हणजे बदललेला भाग पुरता निघालेला, असे लिहिले होते.

कणकवलीच्या मॅडमनी नंतर एकदा मला उस्मानाबाद जिल्ह्याची, आजच्या धाराशिवची, हकीकत सांगितली. परळच्या टाटा रुग्णालयाने, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने आणि फ्रान्समधल्या जागतिक कर्करोग संस्थेने मिळून तिथल्या खेड्यांतल्या तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि आयुष्यात फक्त एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले असे त्यात दिसले. आज जागतिक आरोग्य संघटना पस्तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत एकेकदा तरी अशी तपासणी व्हावी असे म्हणते, त्यामागे मराठवाड्यातल्या त्या शेतकरी, शेतमजूर बायकाही आहेत. त्यांनी टेबलावर जायला संकोच केला नसेल असे नाही. तरी त्या गेल्या. ही हकीकत मी जाऊबाईंना सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत.

माझ्या मुलीला तेरावे वर्ष लागले होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून मिळू लागली आहे. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांपासून संरक्षण देते. लस आधीची लागण बरी करत नाही, म्हणून ती विषाणूशी गाठ पडण्याच्या आधी, नऊ ते चौदा या वयात देणे सर्वांत उपयोगाचे. दिवाळीच्या सुट्टीत तिला पहिला डोस दिला आणि दुसरा सहा महिन्यांनी. ही कशाची लस, असे तिने विचारले तेव्हा मी तिला गर्भाशयमुख हाच शब्द वापरून, स्वयंपाकघरात, सासूबाई समोर बसलेल्या असताना, नेहमीच्या आवाजात सांगितले. सासूबाईंनी नारळ खवणे थांबवले नाही, पण त्या ऐकत होत्या.

सहा महिन्यांनी, शिमग्याच्या आधी, माझी एचपीव्ही तपासणी पुन्हा झाली. १६ आढळला नाही, इतर धोकादायक प्रकारही आढळले नाहीत. मॅडमनी पुढच्या वर्षीची तारीख माझ्या फाइलवर लिहिली आणि ही तपासणी पुढेही अनेक वर्षे चालू ठेवायची आहे हे पुन्हा बजावले. मी उठले तेव्हा बाहेरच्या बाकावर जाऊबाई बसल्या होत्या. आदल्या रात्री भांडी आवरताना त्यांनी मला विचारले होते, "दुखता काय गो?" मी श्वास सोडायचे सांगितले होते, कोमट पाण्याचे सांगितले होते, साठ आकड्यांचेही सांगितले होते. सिस्टरनी त्यांचे नाव पुकारले, त्यांनी पदर सावरला, हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि त्या आत गेल्या.